धागा आणि मूळ : केसांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मुलामुलींची चार-पाच महिन्यांत एक तक्रार ठरलेली असते : "इथल्या पाण्यानं केस जायला लागले." मग घरून आई तेल सुचवते, पार्लरमधली ताई स्पा सुचवते, मेडिकलवाला बायोटिनच्या गोळ्या पुढे करतो. सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण पैसे जातात, महिने जातात आणि खरं कारण तपासायचं राहून जातं.

या गोंधळातून वाट काढायला एक गोष्ट समजली तरी बरंच साधतं. डोक्यावर दिसणारा केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा आहे. जिवंत असतं ते त्वचेच्या आतलं मूळ, आणि त्याला अन्न व प्राणवायू मिळतो तो रक्तातून. म्हणून आपण बाहेरून जे लावतो, त्यातल्या बहुतेक गोष्टींचा परिणाम धाग्यापुरता राहतो. मुळाचं बरंवाईट मुख्यतः शरीराच्या आत ठरतं. केसांविषयी कुठलाही सल्ला कानावर आला की आधी विचारावं : हा धाग्याचा प्रश्न आहे की मुळाचा?

गैरसमज १ : पुण्याच्या पाण्यानं टक्कल पडतं

वस्तुस्थिती : पुण्याचं पाणी एकसारखं नाही. महापालिकेच्या नळाला येणारं बरंचसं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं, म्हणजे सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं. त्यात क्षार कमी असतात. बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या उपनगरांतल्या सोसायट्यांत मात्र काळ्या पाषाणात मुरलेलं भूजल येतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त, म्हणून ते जड. अशा पाण्यात शाम्पूला फेस कमी येतो, केसांवर क्षारांचा थर बसतो, केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात. पण हा सगळा त्रास धाग्याचा आहे. जड पाणी मुळापर्यंत पोचून टक्कल पाडत नाही.

तुटणं आणि गळणं यांतला फरक घरीच पाहता येतो. पडलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल, तर तो मुळातून सुटलेला आहे. गाठ नसेल, लांबी कमी-जास्त असेल, तर तो मध्येच तुटलेला आहे. तुटत असतील तर शेवटचे दोन तांबे महापालिकेच्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घ्यावेत आणि केसांच्या खालच्या भागाला कंडिशनर लावावं. मुळातून जात असतील तर पाण्याला दोष देणं थांबवून मेसचं जेवण, अपुरी झोप, नुकताच येऊन गेलेला ताप आणि घराण्यातली टकलाची वाट यांच्याकडे पाहावं. अनुवंशिक टक्कल विशीच्या आसपास दिसू लागतं आणि शिक्षणासाठी घर सोडण्याचं वयही तेच. म्हणून दोष पाण्यावर येतो.

गैरसमज २ : कंगव्यात केस आले म्हणजे आजच काहीतरी बिघडलं

वस्तुस्थिती : दिवसाला ५० ते १०० केस जाणं नैसर्गिक आहे. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग थांबतो आणि साधारण तीन महिन्यांनी गळतो. डोक्यावरचे सुमारे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा झटपट वजन उतरवणारं डाएट यांचा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. पावसाळ्यात डेंग्यू झाला असेल तर केस दिवाळीच्या सुमारास जातात आणि आपण नुकत्याच बदललेल्या शाम्पूवर राग काढतो. अशी गळती बहुतेकांत सहा महिन्यांत आपोआप थांबते. तोवर पोटभर, प्रथिनांचा आहार आणि धीर हेच औषध.

मुळाशी जे पोचतं ते रक्तातून, याचं ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडलं. २०२४च्या डिसेंबर अखेरीस आणि २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात शेकडो लोकांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले. पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला, 'टक्कल व्हायरस'च्या अफवाही उठल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक तपासणीला आलं. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे नमुने तपासले, तेव्हा त्यांना रुग्णांच्या शरीरात आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आढळलं. त्यांच्या निष्कर्षानुसार कारण जेवणाच्या ताटात होतं.

गैरसमज ३ : जावळ काढलं, दोन-तीनदा गोटा केला की बाळाचे केस दाट येतात

वस्तुस्थिती : डोक्यावर केसांची मुळं किती, हे बाळ पोटात असतानाच ठरतं. वस्तरा फक्त धागा कापतो. मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असल्यानं नवा केस हाताला जाड लागतो, इतकंच. दाढी केल्यानं केस जाड होतात का, हे अमेरिकेत संशोधक मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८मध्येच मोजून पाहिलं होतं, आणि तसं होत नसल्याचं दाखवलं होतं. बाळाचे पहिले केस काही महिन्यांत गळून नवे येतात. जावळ झाल्यावर 'दाट आले' असं वाटतं ते त्यामुळेही.

जावळ हा घरचा आनंदाचा संस्कार आहे, तो जरूर करावा. बाळ झोपेला आलेलं किंवा भुकेलेलं नसावं, ब्लेड समोर फोडलेलं नवं असावं आणि डोक्याला जखम किंवा पुरळ असेल तर दिवस पुढे ढकलावा.

गैरसमज ४ : कोंडा म्हणजे कोरडं डोकं, भरपूर तेल लावा

वस्तुस्थिती : तेलाचा उपयोग खरा आहे, पण तो धाग्याला. मुंबईच्या मॅरिको कंपनीतले संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं त्यांना दिसलं. बाकीच्या दोन्ही तेलांनी ते केलं नाही. आजीचं खोबरेल असं प्रयोगशाळेत खरं ठरलं. मात्र त्यानं नवीन मुळं फुटत नाहीत.

कोंड्याचं गणित उलटं आहे. कोंडा वाढण्यात मॅलासेझिया या यीस्टचा हात असतो आणि ती टाळूवरच्या स्निग्ध पदार्थांवर जगते. तेल चोपडलं की पापुद्रे चिकटून दिसेनासे होतात, पण यीस्टला खाऊ मिळतो. कोंडा असेल तर तेल टाळूला न लावता केसांच्या लांबीला लावावं. कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवावा.

गैरसमज ५ : हेल्मेटनं टक्कल पडतं

वस्तुस्थिती : १ जानेवारी २०१९पासून पुण्यात हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू झाली, विरोधात मोर्चे निघाले, आणि केसांचं कारणही पुढे केलं गेलं. पण केसाच्या मुळाला प्राणवायू रक्तातून मिळतो. हेल्मेटखाली ते गुदमरत नाही. पुरुषांचं टक्कल अनुवंशिकतेनं आणि डीएचटी या संप्रेरकाच्या परिणामानं पडतं. हा वारसा केवळ मामाकडून नव्हे, आई आणि वडील दोघांकडून येतो. हेल्मेटनं होतो तो त्रास घामाचा, मळक्या अस्तराचा, घट्ट पट्ट्यांच्या घर्षणाचा. आत सुती रुमाल किंवा स्कार्फ बांधावा, तो रोज धुवावा, अस्तर अधूनमधून धुवावं, ओल्या केसांवर हेल्मेट घालू नये. मुलींनी रोज करकचून पोनीटेल बांधणं टाळावं, कारण सततच्या ताणानं कपाळाकडची मुळं खरोखर कायमची जाऊ शकतात.

अनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिल आणि फिनॅस्टराइड ही परिणाम सिद्ध झालेली औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची. मिनॉक्सिडिलच्या पहिल्या आठवड्यांत गळती वाढलेली दिसते. घाबरून बरेच जण तिथेच औषध सोडतात. फायदा कळायला निदान चार ते सहा महिने लागतात आणि औषध बंद केलं की तो ओसरतो. हेअर ट्रान्सप्लांट ही शस्त्रक्रिया आहे. ती प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावी. व्हिडिओ किंवा कार्यशाळा पाहणं हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे.

गैरसमज ६ : चाई म्हणजे किड्यानं केस खाल्ले

वस्तुस्थिती : रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडतो त्याला आपण चाई म्हणतो. यात किडा नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मुळांवर हल्ला करते. चाई स्पर्शानं पसरत नाही, म्हणून अशा मुलाला वर्गात वेगळं बसवणं अन्यायाचं आहे. मुळं जिवंत असतात, त्यामुळे लहान चट्ट्यांवर केस बहुधा परत येतात. लसूण घासल्यानं मात्र कातडी भाजते.

मुलाच्या डोक्यावर खवलं, तुटके केस आणि खाज असेल तर तो गजकर्णाचा संसर्ग असू शकतो. बुरशी मुळाच्या आत शिरलेली असल्यानं तिथे मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं.

गैरसमज ७ : काळी मेंदी नैसर्गिक, केराटिन पौष्टिक

वस्तुस्थिती : शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा. पाकिटातली मेंदी थेट काळा रंग देत असेल तर तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. त्यानं काहींच्या कपाळावर पुरळ येतं, डोळे सुजतात. आधी कानामागे थोडा रंग लावून ४८ तास थांबावं. पूर्वी चालला होता म्हणून आजही चालेल असं नसतं.

केराटिन ट्रीटमेंट मुळाला काहीच पुरवत नाही, धाग्याला तात्पुरतं सरळ करते. अशा अनेक उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, आणि त्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगजनक ठरवलं आहे. 'फॉर्मालिन-फ्री' म्हणून आलेल्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं; त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद २०२४मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. डबा मागून घ्यावा, घटक वाचावेत. गरोदरपणात ही ट्रीटमेंट टाळावी. बंद खोलीत दिवसभर तो धूर घेणाऱ्या पार्लरमधल्या मुलींची काळजी मालकांनी घ्यायला हवी.

गैरसमज ८ : तुरटी फिरवली की जंतू मेले, मान मोडली की शिणवटा गेला

वस्तुस्थिती : सलूनमध्ये दाढीनंतर फिरवलेल्या तुरटीनं बारीक कापलेल्या जागचं रक्त थांबतं. पण तोच खडा दहा गालांवर फिरला तर त्यानं शुद्धी होत नाही. ब्लेड नुसतं डेटॉलनं पुसल्यानं हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा धोका टळत नाही. प्रत्येकाला नवं ब्लेड आणि धुतलेला टॉवेल मागण्यात संकोच नको. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. मान झटक्यानं मोडू मात्र देऊच नये. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मानेच्या मणक्यांतून जाते. तिला इजा झाली तर पक्षाघात होऊ शकतो.

गैरसमज ९ : उवा अस्वच्छ घरांतच होतात

वस्तुस्थिती : ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत जाते, मग डोकं कितीही स्वच्छ असो. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून परमेथ्रिन हे उवांचं औषध एकदा लावून भागत नाही. आठवड्यानं पुन्हा लावावं लागतं. ओल्या केसांतून बारीक फणी फिरवावी, घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. रॉकेल कधीही लावू नये. मुलीला रागावू नये, तिचा काही दोष नसतो.

गैरसमज १० : केस गेले की बायोटिन

वस्तुस्थिती : बायोटिनची कमतरता विरळा. उलट त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही चाचण्या चुकीचे आकडे दाखवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७मध्ये दिला. आपल्याकडे आढळते ती कमतरता लोहाची आणि बी-१२ची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रिया तपासल्या, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. ही कमतरता केस अकाली पिकण्याच्या कारणांपैकी एक असू शकते. म्हणून आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासावं, मगच गोळी घ्यावी.

केस एकाएकी जाऊ लागले, चट्टा पडला, टाळू दुखू लागली किंवा आग होऊ लागली, अथवा मुलीची पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस येऊ लागले, तर नवा शाम्पू आणण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. खासगी दवाखाना परवडत नसेल तर ससूनमध्ये त्वचारोग विभाग आहे. काही कारणांनी गेलेली मुळं परत येत नाहीत, आणि वाचवता येण्याजोगी मुळं घरगुती प्रयोगांत दवडलेल्या महिन्यांत जातात. धाग्याचे लाड सलूनमध्ये हवे तेवढे करावेत. मुळाचा प्रश्न असेल तर पहिला खर्च तपासणीवर करावा.