घरचा प्रिंटर ‘ऑफलाइन’ का रुसतो?

दुसऱ्या दिवशी बहिणीचा अमेरिकन व्हिसाचा इंटरव्ह्यू आणि कन्फर्मेशनचं पान तिच्या लॅपटॉपवरून काही केल्या निघेना! माझ्या डेस्कटॉपवरून मात्र प्रिंट सटासट. म्हणजे प्रिंटर ठणठणीत, गडबड वाटेत.

बॉस, अशा वेळी लगेच ड्रायव्हर उडवू नका. प्रिंटर यूएसबीने एका कम्प्युटरला जोडलेला असेल, तर तो कम्प्युटर जागा हवा. तो झोपला की दुकान बंद! मग वाय-फाय बघा. आमच्याकडे लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर होता. तिथून घरातली मशीन्स सहसा दिसतच नाहीत. नेटवर्क बदललं, पान हातात!

तरीही अडलं, तर विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ करा, प्रिंटर शेअरिंग ऑन करा. एररच्या शेवटी ‘११बी’ दिसलं, तर दोन्ही मशीन्स अपडेट करा. सप्टेंबर २०२१च्या अपडेटनं सुरक्षेचे नियम कडक केले, तेव्हापासून जुन्या-नव्यांचं बिनसू लागलं. रजिस्ट्रीत खुडबूड करून नियम सैल करण्याचा जुगाड टाळा. घराला कुलूप न लावण्यासारखंच ते.

कायमचं टेन्शन नको? वाय-फायवाला प्रिंटर थेट राउटरला जोडा आणि राउटरमध्ये त्याचा आयपी अॅड्रेस राखून ठेवा. मग कोणाचा कम्प्युटर झोपलाय, याची फिकीर नाही!