एका पायपिटीचे कोडे

स्लावोमिर राविच या पोलिश सैनिकाचे ‘द लाँग वॉक’ हे पुस्तक १९५६ साली प्रसिद्ध झाले. सैबेरियातील सोव्हिएत श्रमछावणीतून १९४१ साली आपण सहा सोबत्यांसह निसटलो आणि गोबीचे वाळवंट, तिबेट व हिमालय पायी ओलांडून भारतात पोहोचलो, असे त्यात सांगितले आहे. असंख्य वाचकांनी ते खरे मानले. हिमालयात हिममानव दिसल्याचा उल्लेख मात्र जाणकारांना तेव्हाच खटकला होता.

राविच २००४ साली निवर्तले. दोन वर्षांनी बीबीसीने जुनी कागदपत्रे उजेडात आणली. पोलिश कैद्यांना दिलेल्या माफीनुसार १९४२ साली त्यांची रीतसर सुटका झाली होती. त्यांतील एक नोंद तर त्यांच्याच हस्ताक्षरातील आहे! मग सारेच खोटे काय? तसे म्हणता येत नाही. त्यांचा कारावास खराच होता.

त्याच माफीमुळे हजारो हद्दपार पोलिश कुटुंबे इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतील पुष्कळांना १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आश्रय मिळाला. त्यांच्या हकिकतींविषयी असा वाद झाला नाही. पण त्या फारशा वाचल्याही गेल्या नाहीत.