खर्चाच्या नोंदीसाठी ॲप निवडताना



बचत गटाच्या वहीत कर्ज, हप्ता, शिल्लक सारे चोख लिहिलेले असते. त्याच सभासदांच्या घरखर्चाची नोंद मात्र क्वचितच कुठे असते. हाती स्मार्टफोन आल्यापासून पाड्यांवरील तरुण मला विचारतात, "खर्च लिहायला कोणते ॲप घ्यावे?" मंडळीतील नोकरदार कुटुंबांचाही हाच प्रश्न असतो. म्हणून दोघांनाही उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे मांडत आहे.

आपोआप की हाताने?

काही ॲप बँकेचे एसएमएस वाचून खर्च आपोआप टिपतात, तर काहींमध्ये रक्कम आपण स्वतः भरायची असते. पहिला प्रकार सोपा वाटतो. पण आठवडे बाजारातील मीठ-मिरची, जीपचे भाडे, रविवारचे दान यांचा एसएमएस येत नाही. एटीएममधून दोन हजार काढले एवढेच ॲपला कळते, ते कुठे गेले हे कळत नाही. ज्यांचा बहुतेक व्यवहार रोखीचा आहे, त्यांनी हाताने नोंद करण्याचेच ॲप घ्यावे.

परवानगी कशाची मागते?

ॲप घेण्यापूर्वी प्ले स्टोअरवर त्याची 'डेटा सुरक्षितता' ही माहिती वाचावी. खर्च लिहिण्यासाठी आपल्या संपर्कयादीची किंवा ठिकाणाची गरज नसते. एसएमएसची परवानगी देतानाही विचार करावा, कारण ओटीपी आणि खात्यातील शिल्लक तेथेच येते. हिशेबाच्या ॲपमध्ये 'लगेच कर्ज मिळवा' असे दिसले, तर त्या वाटेला जाऊ नये. कर्ज देणाऱ्या ॲपनी फोनमधील संपर्कयादी, फाइल व कॉलची नोंद पाहू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले आहे. परंतु बेकायदा ॲप हा नियम पाळत नाहीत. थकलेल्या हप्त्यासाठी ते नातेवाइकांना फोन करून कर्जदाराची बदनामी करतात.

उचल म्हणजे उत्पन्न नव्हे

बहुतेक ॲप महिन्याच्या पगाराचा हिशेब धरून बनवलेली असतात. हंगामी मजुरीला तो साचा बसत नाही. समजा, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने वीस हजार रुपये उचल घेतली. ती 'उत्पन्न' म्हणून भरली, तर ॲप भरघोस शिल्लक दाखवील. प्रत्यक्षात ती रक्कम मजुरीतून कापली जाणार असते. म्हणून 'देणे' असे वेगळे खाते उघडता येईल आणि उरलेली रक्कम पुढच्या महिन्यात ओढता येईल, असे ॲप पाहावे. पावसाळ्यातील रिकामे महिने आधीच डोळ्यांपुढे येतात, हा त्याचा मोठा फायदा.

आणखी तीन गोष्टी

नेटवर्क नसतानाही नोंद करता आली पाहिजे. फोन घरातील सर्वजण वापरत असतील, तर ॲपला स्वतंत्र पिन असावा. आणि आपल्या नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता आल्या पाहिजेत. अमेरिकेतील मिंट हे मोठे, नावाजलेले ॲपसुद्धा २०२४ मध्ये बंद झाले. ॲप उद्या बंद पडले किंवा फोन हरवला, तरी वर्षभराचा हिशेब आपल्या हाती राहावा.

सुरुवात कशी करावी?

पैसे भरून घेण्याआधी फुकट ॲपवर महिनाभर सवय लावावी. किराणा, प्रवास, शिक्षण, औषधपाणी, दान, देणे असे सहा कप्पे पुरेत. वीस कप्पे केले की चौथ्या दिवशी कंटाळा येतो. रात्रीच्या जेवणानंतर दोन मिनिटे ठरवून नोंद करावी आणि शनिवारी पती-पत्नींनी ती एकत्र पाहावी. आठवडाभर ॲप उघडलेच गेले नाही, तर खुशाल वहीकडे वळावे. दहा रुपयांची वहीही तेच काम करते. पुढच्या आठवड्यात काय घ्यायचे आणि काय थांबवायचे, हे त्या नोंदीवरून दोघांनी मिळून ठरवणे महत्त्वाचे.