संगणकाचा पहारेकरी

बालाघाटच्या पायथ्याशी शाळू हुरड्यात आला, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला रात्री निवांत झोप लागत नाही. दिवसा पाखरे आणि रात्री रानडुकरे पिकावर तुटून पडतात. मग शेतात माळा उभारून त्यावर राखणदार बसतो. हाताशी गोफण आणि उशाला काठी ठेवून तो जागत असतो. पिकात कोठे खसफस झाली की तिकडे धावतो. आता अशी कल्पना करा, की एका शेताचे दोन भागीदार आहेत आणि दोघांनी एकमेकांस न सांगता आपापला राखणदार त्याच रात्री त्याच शेतात पाठविला आहे. अंधारात पहिल्याला दुसऱ्याच्या पावलांची चाहूल लागते. तो काठी उगारून धावतो. दुसऱ्यासही वाटते, चोरच आला! दोघांची झटापट होते, ताटे आडवी पडतात, आणि रानडुक्कर मात्र बांधाच्या दुसऱ्या अंगाने येऊन खुशाल कणसे खाऊन जाते.

घरच्या संगणकावर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पहाऱ्यास बसविले, तर पुष्कळदा असाच प्रकार घडतो. एकापेक्षा दोन बरे, हा हिशेब औताला बैल जुंपताना खरा ठरतो. येथे तो का चुकतो हे कळण्यासाठी, हा राखणदार पहारा करतो तरी कसा, ते प्रथम पाहिले पाहिजे.

मुलांनो, संगणकातील विषाणू हा तापाच्या विषाणूसारखा निसर्गात उत्पन्न झालेला नसतो. ती माणसानेच लिहिलेली एक आज्ञावली असते. ती दुसऱ्या आज्ञावलीत किंवा फाइलीत शिरते, स्वतःच्या प्रती काढते आणि संधी मिळताच दुसऱ्या संगणकावर उडी घेते. १९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने अशी आज्ञावली प्रयोगादाखल करून दाखविली आणि त्याचे गुरू लेनर्ड एडलमन यांनी तिला ‘विषाणू’ हे नाव सुचविले. पुढे १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. तो फ्लॉपीवरून जगभर पसरला. मौज अशी, की त्या विषाणूत या भावांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घालून ठेवला होता! आजचे विषाणू लिहिणारे इतके भोळे राहिलेले नाहीत.

दोन भावांनी रोग पसरविला, तसा दोन भावांनीच औषधाचा कारखानाही काढला, आणि तो आपल्या महाराष्ट्रात. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत असत. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले आणि तेथे संगणकही दुरुस्तीस येऊ लागले. त्यांतील कित्येक यंत्रे मोडलेली नसतच. त्यांना विषाणूची बाधा झालेली असे. कैलासरावांचे धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी हे विषाणू काढून टाकणाऱ्या आज्ञावली लिहिल्या आणि १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस बाजारात आला. दुकानाच्या उद्योगाचे नाव आरंभी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस असे होते. २००७ साली ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले.

असो. आता राखणदाराच्या कामाकडे वळू. अँटिव्हायरसजवळ ओळखीच्या विषाणूंच्या खुणांची एक मोठी यादी असते. पोलीस ठाण्यात जसे सराईत गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे जपून ठेवतात, तशीच ही यादी समजा. तुम्ही एखादी फाइल उघडावयास गेलात, की ती उघडण्यापूर्वीच अँटिव्हायरस तिला वाटेत थांबवितो, तिचे ठसे आपल्या यादीशी ताडून पाहतो, आणि खात्री पटली तरच तिला पुढे सोडतो. यादीत नसलेला, परंतु संशयास्पद वर्तन करणारा पाहुणाही चांगल्या अँटिव्हायरसच्या नजरेतून सहसा सुटत नाही. हे सारे क्षणार्धात होते आणि दिवसभरात हजारो वेळा होते. असे करता यावे म्हणून त्याला संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या, अगदी शेजारी जागा दिलेली असते. घरातील तिजोरीच्या खोलीत ज्याला मोकळा प्रवेश आहे, असा हा नोकर आहे.

आता त्याच खोलीत दुसरा नोकर आणून बसवा. तुम्ही फाइल उघडता. पहिला तिला थांबवितो आणि तपासण्यासाठी स्वतः उघडतो. दुसऱ्याला एवढेच दिसते, की कोणीतरी एक फाइल उघडीत आहे. तो तिला पुन्हा थांबवितो. आता पहिला दुसऱ्याची वाट पाहतो आणि कधी कधी दुसरा पहिल्याची. तोवर पडद्यावरचे चक्र गरगर फिरत राहते आणि आपण समजतो की संगणक म्हातारा झाला. बरे, विषाणू खरोखरच सापडला तर काय होते? पहिला त्याला पकडून आपल्या कोठडीत टाकू पाहतो. दुसऱ्याला पहिल्याच्या हाती विषाणू दिसतो, म्हणून तो आरडाओरड करतो आणि तोच विषाणू आपल्याकडे ओढू लागतो. एकाच गुन्हेगाराविषयी दोन्हीकडून पुन्हा पुन्हा सूचना येत राहतात. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या अँटिव्हायरसचे वर्तनही पहिल्याला संशयास्पद वाटू शकते. फायली अडविणे आणि कार्यप्रणालीच्या आतल्या खोलीत वावरणे या गोष्टी पहारेकरी करतो, तशा विषाणूही करतो! शिवाय दोघांनाही स्मृतीची जागा लागते, ती वेगळीच. जुन्या संगणकात ती मुळातच तुटपुंजी असते. लॅपटॉप असला, तर बॅटरीही लवकर उतरते.

आमच्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अर्ज भरून देण्याचे एक लहानसे दुकान आहे. तेथे दिवसभर पेनड्राइव्ह येतात आणि जातात, म्हणून दुकानदाराने सावधगिरीपोटी संगणकावर दोन अँटिव्हायरस बसविले होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. ऊसतोडणीस गेलेल्या आईबापांची एक मुलगी आजीबरोबर दुकानात बसली होती. उत्पन्नाच्या दाखल्याची फाइल जोडू लागताच संगणक जागच्या जागी गोठला. दोनदा बंद करून सुरू केला, तरी तेच. संध्याकाळ झाली, आजी शेवटची एस.टी. निघून जाईल म्हणून सारखी दाराकडे पाहत होती. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने मग एक अँटिव्हायरस रीतसर काढून टाकला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. दहा मिनिटांत अर्ज गेला. दाखल्यात विषाणू नव्हताच. भांडण चालले होते ते दोन राखणदारांचे.

येथे तुमच्यापैकी एखादा चौकस मुलगा विचारील, “परंतु गुरुजी, पहिल्याच्या यादीत नसलेला विषाणू दुसऱ्याच्या यादीत असेल ना?” प्रश्न अगदी योग्य आहे. कोणताही अँटिव्हायरस सर्वज्ञ नसतो आणि प्रत्येकाची यादी थोडी निराळी असते. दुसऱ्याचे मत घेणे चुकीचे नाही. मात्र दुसरा वैद्य घरात कायमचा राहावयास आणण्याचे कारण नाही. बोलावले तेव्हाच येणारे, एकदा संपूर्ण तपासणी करून परत जाणारे आणि एरवी पहाऱ्यास न बसणारे अँटिव्हायरसही मिळतात. शंका आली की त्यांच्याकडून तपासून घ्यावे. एखाद्याच फाइलीविषयी संशय असेल, तर आणखी एक सोय आहे. २००४ साली स्पेन देशात ‘व्हायरसटोटल’ ही सेवा सुरू झाली. २०१२ पासून ती गूगलकडे आहे. तिच्याकडे पाठविलेली फाइल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसकडून तपासली जाते. ते एकमेकांशी भांडत नाहीत, कारण ते आपल्या संगणकात राहत नाहीत आणि पहाराही करीत नाहीत. फाइल पाहून मत तेवढे देतात. पण तेथे पाठविलेली फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते. म्हणून आधारपत्र, बँकेची कागदपत्रे किंवा घरची छायाचित्रे तेथे कधीही पाठवू नयेत.

विंडोज असलेल्या संगणकात तर २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ नावाचा राखणदार आधीच बसलेला असतो. तो समजूतदार आहे. तुम्ही दुसरा अँटिव्हायरस बसविला की साधारणतः तो आपण होऊन बाजूला सरतो आणि दुसरा काढून टाकला की पुन्हा कामावर हजर होतो. बाहेरून आणलेले दोन मात्र एकमेकांना असा मान देतीलच असे नाही. म्हणूनच त्यांतील पुष्कळसे, बसवितानाच, “आधीचा काढा” असे सांगतात. ती सूचना न वाचता पुढे जाणारे लोक फार.

खरे म्हणजे दोन पहारेकरी ठेवण्यापेक्षा कुंपणाची भगदाडे बुजविणे अधिक मोलाचे आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या उपद्रवाने जगभर हाहाकार माजविला. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे कामकाजही त्यात विस्कळीत झाले. तो धक्का चालविणाऱ्या मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाचे जगभरातील संगणक निकामी झाले होते. ज्या भगदाडातून हा उपद्रव शिरू शकत होता, त्यांपैकी एक बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांच्या यंत्रांत शिरणे त्याला सोपे गेले. मर्स्कच्या मध्यवर्ती नोंदी ठेवणारे सारे संगणक पुसले गेले, एक सोडून. तो आफ्रिकेतील घाना देशात होता आणि तेथील वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या वेळी जाळ्यापासून तुटला होता! त्याच्यातील प्रतीवरून पुढे सारा डोलारा पुन्हा उभारण्यात आला. भारनियमनाला नावे ठेवणाऱ्या आपल्या मंडळींना ही हकीकत ऐकून गंमत वाटेल. अर्थात वीज जाण्याची वाट पाहण्यापेक्षा, महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवावी, हे बरे.

तुमच्या घरचा किंवा शाळेतला राखणदार जागा आहे की झोपला आहे, हेही पाहता येते. पुष्कळ घरी मुदत संपलेला अँटिव्हायरस वर्षानुवर्षे तसाच पडून असतो. त्याला नवी यादी मिळत नाही. ही तपासणी करण्यासाठी ‘आयकार’ या युरोपीय संस्थेची ६८ अक्षरचिन्हांची एक चाचणी फाइल आहे. ती अगदी निरुपद्रवी आहे, परंतु तिला विषाणू समजूनच पकडावयाचे, असे अँटिव्हायरस करणाऱ्यांनी ठरवून घेतले आहे. आपल्या शिक्षकांना विनंती करून, त्यांच्या देखत ती फाइल शाळेच्या संगणकावर आणून पाहा. फाइल येताच पडद्यावर इशारा झळकला, तर राखणदार माळ्यावर जागा आहे. एकाच वेळी दोन निरनिराळे इशारे झळकले, तर कोणता ठेवावयाचा ते शिक्षकांबरोबर बसून ठरवा आणि दुसरा रीतसर काढून टाका.