विश्लेषण : गाय वारंवार का उलटते?

कृत्रिम रेतन झाले, पैसे दिले आणि 21 दिवसांनी गाय पुन्हा माजावर आली. गोठ्यात यालाच ‘गाय उलटली’ म्हणतात. प्रत्येक उलटण्यामागे तीन आठवड्यांचा चारा-खुराक अंगावर पडतो आणि पुढचे वेत लांबते. दोष मात्र बहुधा रेतमात्रेला दिला जातो.

हिशेब कुठे बिघडतो?

माज अचूक ओळखणे, गायीचे आरोग्य, रेतमात्रेचा दर्जा आणि रेतन करणाऱ्याचा हात, या चार गोष्टींचा येथे गुणाकार होतो. चारही 90 टक्के चांगल्या असल्या तरी उत्तर 66 टक्क्यांच्या आसपास येते. त्यातली एक 50 टक्क्यांवर घसरली, की उरतात जेमतेम 36. माजाकडे दुर्लक्ष करून महागडी रेतमात्रा आणल्याने हा आकडा सुधारत नाही.

माज आणि वेळ

दुसरे जनावर अंगावर चढले तरी गाय शांत उभी राहते, हे सर्वांत खात्रीचे लक्षण. पण आपल्याकडे गायी दावणीला, चढणार कोण? सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मोकळ्या सोडल्या तर ते दिसते. एरवी हंबरणे, दूध घटणे आणि निरणातून येणारा काचेसारखा स्वच्छ, चिकट स्राव यांवर नजर हवी. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो; तिच्यासाठी पहाटे आणि रात्री गोठ्यात फेरी मारावी लागते.

गायीचा माज साधारण 12 ते 18 तास टिकतो आणि स्त्रीबीज सुटते ते माज संपल्यावर 10 ते 12 तासांनी. म्हणून माज सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रत्यक्षात तंत्रज्ञ वाटेवरच असतो म्हणून लगेच भरून जातो. सोय दोघांची होते, गायीची नाही.

द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवलेली कांडी 37 अंशांच्या कोमट पाण्यात 30 सेकंद धरून, पुसून कोरडी करायची असते. थर्मामीटर कुठे आहे, हे विचारायला संकोच नको.

माज टाळता येतो का?

ब्राझील, अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या मोठ्या कळपांत शेकडो गायींचा माज पाहत बसणे शक्य नसते. तेथे संप्रेरके देऊन ठरलेल्या वेळी सर्वांचे एकदम रेतन करतात. ही पद्धत आपल्याकडेही पशुवैद्यकाच्या देखरेखीत वापरता येते, पण बरगड्या दिसणाऱ्या गायीला आधी खुराक आणि क्षारमिश्रणच हवे. व्यायल्यावर 45 ते 60 दिवस थांबावे. तीनदा उलटली तर चौथ्यांदा भरण्याआधी गर्भाशय तपासून घ्यावे. आणि उलटली नाही म्हणजे गाभणच, असेही नाही. 60 ते 90 दिवसांत गर्भतपासणी करून घ्यावी.