मॉलची जागा आणि पायी चालणारी माणसे



हिंगोलीच्या व्यासपीठावर मॉलचा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे आयुष्य हमालांच्या संघटनेत गेले. मोंढ्यात हळदीची पोती उतरवून संध्याकाळी पायी घरी जाणाऱ्या माणसाला शहरातील जागांच्या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे एके काळी आम्हांलाही वाटे. ती आमची चूक होती.

मॉल म्हणजे एका मालकाची, एका छपराखालची पेठ. चहूकडे भिंत, भोवती मोटारींचा तळ आणि रात्री कुलूप. धंदा बसला की गावाच्या मधोमध कित्येक एकर जागा ओस पडते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील लेकवूड येथे असेच झाले. 1966 साली उघडलेला 'व्हिला इटालिया' हा मॉल 2001 साली बंद पडला. तेथील नगरपालिकेने विकासकाला बरोबर घेऊन त्या 104 एकरांवर नवे रस्ते आखले, जागेचे सुमारे 22 लहान तुकडे पाडले, आणि खाली दुकाने, वर कचेऱ्या व घरे अशी 'बेलमार' नावाची वस्ती 2004 पासून उभी केली.

यातील मर्म दोन गोष्टींत आहे. मोठी जागा लहान रस्त्यांनी फोडली की माणसाला वळसा पडत नाही, तो चालू लागतो. आणि दुकान, काम व घर शेजारी आले की रस्ता सकाळपासून रात्रीपर्यंत जागता राहतो. आपल्या जुन्या पेठांना हे कोणी शिकविले नव्हते. खाली दुकान, माडीवर बिऱ्हाड आणि चार पावलांवर पिठाची गिरणी, हीच त्यांची रचना होती.

मुंबईचे गिरणगाव याच धर्तीचे होते. भोंगा झाला की कामगार चाळीतून निघून पायीच गिरणीचे फाटक गाठी. एकट्या राहणाऱ्याला खानावळवाल्या बाईच्या हातचे जेवण मिळे; याच बायांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. पुढे एकेका गिरणीला टाळे लागले आणि सुमारे 600 एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला.

1991 च्या नियमाने त्या जमिनीची वाटणी सांगितली होती : एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. 1996 साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचविला. परंतु 2001 च्या दुरुस्तीने वाटणी केवळ मूळच्या रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणीची इमारत ज्यावर उभी होती ती जमीन वाटणीतून सुटली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. लोकांचा वाटा आक्रसला. लेकवूडला मॉलच्या जागी वस्ती आली. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आला.

आम्ही संघटनावाले पगार, बोनस आणि थकबाकी यांसाठी भांडलो. पायाखालच्या जमिनीचा विचार मात्र उशिरा सुचला. म्हणून आम्ही सांगतो की, रस्ते कितीही सुबक आखले तरी ते झाडणारी बाई, दुकानातला पोऱ्या आणि माल उतरविणारा हमाल जर दहा मैलांवरून येणार असेल, तर ती चालण्याजोगी वस्ती नव्हे. ते श्रीमंतांचे फिरण्याचे ठिकाण होय.

उद्या आपल्याकडेही एखादे जुने जिनिंग बंद पडेल, एखादी कचेरी गावाबाहेर जाईल. मोकळ्या झालेल्या जागेवर काय व्हावे हे सांगण्याचा हक्क आपल्याला आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या पाहिजेत, असे 1966 चा नगररचना अधिनियम सांगतो. तो नकाशा लागेल त्या दिवशी हातगाडीवाल्याने आणि हमालाने तेथे जावे व एकच प्रश्न विचारावा : यात आमचे घर कोठे आहे? नकाशा वाचता येत नसेल तर आम्हांला हाक मारा. आम्हीही तो असाच, विचारीत विचारीत वाचायला शिकलो.