सातपुड्यातील वनपिंगळा : गणना आणि संख्येचा कल

प्रस्तावना

एखाद्या वनपक्ष्याची संख्या घटते आहे की वाढते आहे, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु त्याचे उत्तर पक्ष्याइतकेच मोजणाऱ्यावरही अवलंबून असते. खानदेशातील वनपिंगळ्याचा इतिहास याची साक्ष देतो.

नोंदींचा इतिहास

या लहान घुबडाचा पहिला नमुना १८७२ मध्ये ब्लेविट याने आजच्या छत्तीसगडमधील फुलझर परिसरात मिळविला. पुढील वर्षी ह्यूम याने ब्लेविटच्या नावावरून जातीचे नामकरण केले. १८८० ते १८८४ या काळात खानदेशातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने शहादा-तळोदा भागातून आणखी नमुने गोळा केले. त्यानंतर ११३ वर्षे एकही विश्वासार्ह नोंद झाली नाही.

मधल्या काळात माइनर्ट्झहागेन याने सुरतजवळील मांडवी येथे १९१४ मध्ये नमुना मिळाल्याचा दावा केला होता. हा नमुना म्हणजे डेव्हिडसनचाच चोरलेला व नव्याने भरलेला पक्षी होता, हे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. ती नोंद बाजूला ठेवून जुन्या अस्सल नमुन्यांच्या ठिकाणांचा माग घेतल्यामुळेच रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. विशेष म्हणजे वनपिंगळा दिवसाही वावरतो व उघड्या फांदीवर बसतो. शतकभर हरवली होती ती मुख्यतः शोधाची इच्छा, असेच म्हणावे लागते.

वाढलेल्या नोंदींचा अर्थ

यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट व मध्य प्रदेशातील खकनार येथून नोंदी आल्या. २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा बदलला. परंतु या बदलामागे नवी ठिकाणे सापडणे हे कारण होते. पक्षी वाढल्याचा तो पुरावा नव्हे. यादीत त्याच्या संख्येचा कल घटता असाच दिला आहे. सागाची तोड, अतिक्रमण आणि ढोल्या असलेल्या जुन्या वृक्षांचा ऱ्हास ही कारणे आजही कायम आहेत.

मोजणीची अडचण

गाणाऱ्या वनपक्ष्यांप्रमाणेच पिंगळ्याची गणनाही प्रामुख्याने आवाजावरून होते. ठरावीक बिंदूंवर थांबून ध्वनिमुद्रित हाक ऐकवतात व प्रतिसाद नोंदवतात. येथे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा बिंदूंवर पक्षी खरोखर आहेत; एका भेटीत तो नोंदला जाण्याची शक्यता निम्मी आहे. सरासरीने पाच बिंदूंवरच नोंद होईल. पुढील वर्षी अधिक अनुभवी निरीक्षक गेला व ही शक्यता ८० टक्के झाली, तर नोंद आठ बिंदूंवर होईल. जंगलात एकही पक्षी वाढलेला नसताना कागदावर ६० टक्के वाढ दिसेल.

म्हणून एकाच बिंदूवर एकाच हंगामात अनेकदा जावे लागते. वरील निम्म्या शक्यतेने तीन स्वतंत्र भेटींत पक्षी निसटण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांवर येते. मात्र हाक वारंवार ऐकवल्यास पक्षी विचलित होतो. विणीच्या काळात तर हा मोह टाळलाच पाहिजे. साध्या पिंगळ्याशी होणारी गल्लतही लक्षात घ्यावी लागते. वनपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके फार पुसट असतात, आणि शेपटीवरील पांढरे पट्टे रुंद असतात. छायाचित्राविना केलेली नोंद संशयास्पद मानणे बरे.

हौशी निरीक्षकांच्या याद्यांवरून देशातील अनेक पक्ष्यांचे कल आता काढता येतात. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. दुर्मिळ पक्ष्याबाबत मात्र निरीक्षक तो हमखास दिसणाऱ्या जागीच जातात, आणि जेथे तो दिसला नाही तेथील यादी सहसा कोणी करत नाही. कलाच्या दृष्टीने ही रिकामी यादीही तितकीच मोलाची आहे.

अमळनेरहून तापी ओलांडून चोपड्याच्या पुढे गेले की सातपुड्याची रांग सुरू होते. यावल अभयारण्यही याच रांगेत येते. वनविभागाच्या परवानगीने तेच बिंदू, तोच महिना व तीच वेळ राखून दहा वर्षे चालणारी मोजणी परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना अशक्य नाही. विद्यार्थ्यांच्या तुकड्या दर तीन वर्षांनी बदलतील, म्हणून नोंदवही मात्र विभागाच्याच ताब्यात राहिली पाहिजे.